हीराबाईचा आंबा

आमच्या बऱ्हाणपूरला पाहुणा आला की त्याला काय दाखवायचं ते ठरलेलं असतं. शाही किल्ला, त्यातला हमाम, जामा मशीद, कुंडी भंडारा, आणि परतताना मावा जिलबी. तापीपलीकडचा आहुखाना या यादीत अगदी शेवटी येतो, आणि पाहुण्याची गाडी लवकर असेल तर गळतोच. तिथे इमारत थोडी आणि मोकळी जागा जास्त. मोकळी जागा बघायला कोण जातं?

आहू म्हणजे फारसीत हरीण. आहुखाना म्हणजे हरणं ठेवायची जागा. नदीच्या पलीकडे जैनाबादला भिंतीच्या आत हरणं राखायची, झाडं लावायची, पाणी खेळवायचं, आणि शहरात उकडायला लागलं की शाही मंडळींनी तिकडे शिकारीला किंवा नुसती हवा खायला जायचं. नेमिनाथ भगवंतांची वरात कोंडलेल्या पशूंच्या आवाजानं लग्नमंडपाच्या दारातून मागे फिरली, ही गोष्ट ऐकत मी वाढले. त्यामुळे त्या नावाचा अर्थ कळल्यापासून त्या बागेत मला एकदम मोकळं कधी वाटलं नाही. पण बाग ती बागच. झाडांनी हरणं कोंडली नव्हती.

या जागेचं नाव जगात गेलं ते मुमताजमहलमुळे. १७ जून १६३१ ला, चौदाव्या बाळंतपणात ती बऱ्हाणपुरात वारली आणि तिला आधी जैनाबादच्या बागेतच पुरलं. त्याच वर्षी डिसेंबरात शहजादा शुजाबरोबर तिचं शव आग्र्याला नेलं. म्हणजे ताजमहालाच्या आधी सहा महिने ती आमच्याकडे होती. गावातल्या कुणालाही विचारा, तो हे अशा स्वरात सांगेल की जणू आग्रेकरांनी आपल्या घरची लेक पळवली.

दुसरी गोष्ट त्यामानानं कमी लोकांना माहीत असते. औरंगजेब शहजादा होता, दख्खनचा सुभेदार होता, तेव्हाची. याच बागेत त्यानं मावशीच्या घरच्या बायकांमध्ये एक मुलगी पाहिली. आंब्याला कैऱ्या की आंबे लागले होते. तिनं कुणाचीही भीडमुर्वत न ठेवता उडी मारून फळ तोडलं, आणि हे महाशय घायाळ झाले. 'मआसिर-उल-उमरा' या अठराव्या शतकातल्या ग्रंथात ही हकीकत आहे. 'अहकाम-इ-आलमगीरी' नावाचं दुसरं पुस्तक आहे, जदुनाथ सरकारांनी त्याचं इंग्रजी केलं, त्यात ती फांदी धरून हळू आवाजात गात उभी होती असं आहे. मुलगी तीच, हीराबाई, पुढे जैनाबादी नावानं ओळखली गेलेली. ती लवकर वारली, आणि औरंगजेबाला ते फार लागलं म्हणतात. तिची कबर औरंगाबादला. एका पुस्तकात आंबा आहे, दुसऱ्यात नुसतं झाड. इतकाच फरक. पण मला जे बोलायचं आहे ते या फरकापाशीच सुरू होतं.

हल्ली एक मुलगा सुट्टीच्या दिवशी लोकांना आहुखान्यात पायी फिरवतो. बीए झालाय, नोकरी नाही. माणशी थोडे पैसे घेतो, दीड तास फिरवतो, आणि विशेष म्हणजे इमारतीपेक्षा झाडं जास्त दाखवतो. निंब, चिंच, बोर, करंज, कुठे काय उगवलंय, कुणाच्या शेंगा कशा असतात, कुठल्या झाडावर कुठला पक्षी येतो. माझ्या नणंदेची मंडळी पुण्याहून आली होती, त्यांच्याबरोबर मी गेले. मुलगा बोलतो चांगलं. अर्धं मराठी, अर्धं हिंदी, आमच्या गावाची रीतच आहे ती. आणि शेवटी तो सगळ्यांना एका आंब्यापाशी नेतो, क्षणभर गप्प बसतो आणि म्हणतो, "हाच तो आंबा. इथंच हीराबाईनं उडी मारली."

लोकांच्या अंगावर काटा येतो. मी बघितलाय. नणंदेची सून, जी तोवर मोबाइलमधून डोकं वर काढत नव्हती, ती पुढे जाऊन झाडाला हात लावून आली.

आता, आमची केळीची शेती आहे, झाडाचं वय मला थोडंफार कळतं. तो आंबा पन्नासेक वर्षांचा असेल. साठ म्हणा. हीराबाईला जाऊन साडेतीनशे वर्षं होऊन गेली. बाकीचे पुढे गेल्यावर मी त्याला बाजूला विचारलं. तो लाजला वगैरे नाही. म्हणाला, "काकू, मलाही माहितेय. पण चार वर्षांमागं या झाडावर कुऱ्हाड येणार होती. वाट रुंद करायची होती कुणाला तरी. मी लोकांना ही गोष्ट सांगायला लागलो, लोक फोटो काढायला लागले, मग कुणी हात लावला नाही. तुम्ही लोक मुंगी वाचवता ना? मी झाड वाचवलं."

याला काय उत्तर द्यायचं? घरी आले, स्वयंपाक केला, मंडळींना वाढलं, पण डोक्यातून ते जाईना.

आमच्याकडे झाड हा एकेंद्रिय जीव. स्पर्श तेवढा त्याला कळतो. बोलता येत नाही, पळता येत नाही, ओरडता येत नाही. अष्टमी-चतुर्दशीला आमच्या घरी हिरवी भाजी चिरत नाहीत, ती का, हे मुलं विचारायची तेव्हा मी हेच सांगायचे. ज्याला पळता येत नाही त्याच्या बाबतीत जरा जास्त सांभाळायचं. तर असा एक जीव एका थापेनं वाचला. थाप वाईट, जीव वाचला ते चांगलं, दोन्ही एकाच ताटात.

पहिल्यांदा वाटलं की आपल्या शास्त्रात याची सोय आहे. समंतभद्राचार्यांनी 'रत्नकरंड श्रावकाचारा'त गृहस्थाचं सत्यव्रत सांगताना एक मोठी शहाणपणाची गोष्ट केली आहे. श्रावकानं ढळढळीत खोटं बोलू नये, दुसऱ्याकडून बोलवू नये, आणि ज्या खऱ्यानं कुणावर संकट येईल असं खरंही बोलू नये. प्रवचनात याचा दाखला नेहमी हरणाचाच देतात. शिकारी विचारतो हरीण कुठल्या वाटेनं गेलं, तुम्ही पाहिलंय, सांगायचं का? नाही सांगायचं. कारंज्याला माझ्या माहेरी एक पंडितजी हा दाखला द्यायचे, आणि आम्ही मुली दर वेळी त्या हरणासाठी श्वास रोखून बसायचो. आहुखान्यात उभं राहून हा दाखला आठवावा यात एक गंमत आहेच.

पण नीट बघितलं तर हरणाच्या गोष्टीत तुम्ही गप्प बसता. हरणाबद्दल नवीन काही रचत नाही. "हे साधं हरीण नाही, हे राजाच्या पोरीचं हरीण आहे" असं सांगून शिकाऱ्याला परतवणं ही निराळी गोष्ट झाली. समंतभद्रांनी मला गप्प बसायची मुभा दिली आहे. वंशावळ रचायची दिलीय का?

यावर तो मुलगा म्हणेल, आणि बरोबर म्हणेल, की तुमच्याच आचार्यांनी असत्याची ओळख पीडेवरून सांगितली आहे. पूज्यपादांच्या टीकेत तसं आहे: जीवाला पीडा देणारं वचन ते असत्य. मग माझ्या गोष्टीनं कुणाला पीडा झाली ते दाखवा. कागदोपत्री तो जिंकला.

म्हणून मी पुन्हा गेले. या वेळी आमच्या महिला मंडळाच्या बायकांना घेऊन, आणि पीडा शोधायला.

पहिली पीडा त्या आंब्यावरच सापडली. खोडावर माणसाच्या उंचीपर्यंत नावं कोरलेली. बदाम, बाण, इंग्रजी अक्षरं. प्रेमाचं झाड म्हटल्यावर दुसरं काय होणार? शेजारच्या निंबावर एकही नाव नव्हतं. त्या निंबाला गोष्ट नाही, म्हणून त्याची साल शाबूत. खालच्या फांद्यांची पानं हाताला येतील तेवढी ओरबाडलेली, आठवण म्हणून वहीत ठेवायला. आमच्याकडे याला अनर्थदंड म्हणतात. काही कारण नसताना, सहज हाताला चाळा म्हणून, माती उकरणं, पाणी सांडणं, पानं तोडणं. पोटासाठी केलेल्या हिंसेपेक्षा मला ही जास्त लागते, कारण तिच्यामागे भूकसुद्धा नसते. मुलाला मी ते कोरलेलं दाखवलं. तो म्हणाला, "खरचटणं बरं का तोडणं, काकू?" त्याचं हे दुसरं उत्तरही वाईट नव्हतं.

दुसरी पीडा शोधायला मान वळवावी लागली. त्या निंबाकडे, चिंचेकडे, नाव माहीत नसलेल्या झुडपांकडे. ज्या दिवशी आपण लोकांना शिकवलं की झाड राखायचं कारण त्याच्याखाली कुणी मोठी व्यक्ती उभी होती, त्या दिवशी ज्यांच्याखाली नुसत्या शेळ्या उभ्या राहिल्या ती सगळी झाडं उघड्यावर आली. वाट रुंद करणारा आंबा सोडेल आणि निंब तोडेल. तो म्हणेल, मी तर ऐतिहासिक झाड वाचवलं. त्याचं मनसुद्धा त्याला खाणार नाही. एका झाडाला घातलेलं हे कवच बाकीच्यांच्या अंगावरून काढून घेतलेलं असतं. ही पीडा मला खरी वाटते, आणि मोठी वाटते. त्या मुलाला मी हे सांगितलं तेव्हा मात्र तो थोडा वेळ बोलला नाही.

खरी वंशावळ असलेली झाडंही असतात, आणि ती असू नयेत असं मी म्हणत नाही. न्यूटनच्या गावच्या घरी, वूल्सथॉर्पला, ते सफरचंदाचं झाड अजून दाखवतात. वादळात १८२० साली ते कोसळलं होतं, पण मुळाशी पुन्हा फुटलं, आणि तेव्हापासून लोक त्याला जपतात. कोलकात्याच्या शिबपूरच्या बागेतल्या वडाचं तर मूळ खोडच १९२५ मध्ये काढून टाकावं लागलं, बुरशीनं सडलं म्हणून. आज हजारो पारंब्यांवर तो वड उभा आहे आणि मधे, जिथं खोड होतं, तिथं काहीच नाही. तोच वड का हा? लोक हो म्हणतात, मीही म्हणते. आमच्या माळव्यात मांडूला गोरखचिंचेची झाडं आहेत, खुरासानी इमली म्हणतात, आफ्रिकेतून कुणी आणली तेव्हापासून तिथं रुजलेली. इतकी प्रसिद्ध, की काही वर्षांपूर्वी धार जिल्ह्यातली अशी झाडं खोदून दुसऱ्या राज्यात न्यायला लागले, आणि प्रकरण हायकोर्टात गेलं. म्हणजे प्रसिद्धीनं झाड वाचतंच असं नाही. कधीकधी प्रसिद्धीच ट्रक घेऊन येते.

लेश्यांचं चित्र तुम्ही कुठल्या ना कुठल्या जैन मंदिरात पाहिलं असेल. 'गोम्मटसारा'तली गोष्ट आहे. सहा वाटसरू, भुकेले, एक फळांनी लदलेलं झाड. एक म्हणतो मुळापासून पाडू. दुसरा म्हणतो बुंध्यातून तोडू. तिसरा मोठी फांदी, चौथा डहाळी, पाचवा नुसती फळं तोडू म्हणतो. सहावा म्हणतो खाली पडलेली आहेत की, ती खाऊ. कृष्ण लेश्येपासून शुक्ल लेश्येपर्यंत मनाचे सहा रंग. या हिशेबानं आमची हीराबाई पाचव्या पायरीवर, पद्म लेश्या. वाईट नाही! शहजाद्यापेक्षा बरी जागा मिळाली तिला.

पण या चित्राकडे एवढी वर्षं बघून एक गोष्ट त्या आठवड्यात पहिल्यांदा लक्षात आली. त्या झाडाबद्दल गोष्टीत काही म्हणजे काही सांगितलेलं नाही. कुणी लावलं, किती जुनं, कोण त्याच्याखाली बसलं होतं. सहाव्या वाटसरूला हे काही माहीत नाही, तरी तो पडलेली फळं उचलतो. झाडाची महती कळल्यानं तो थांबलेला नाही. तो मुळातच तसा आहे. फरक झाडात नाही, भुकेल्या माणसात आहे.

मुलगा म्हणाला, तसे सहावे वाटसरू रविवारी माझ्याकडे येत नाहीत, काकू. माझ्याकडे पहिले तीन येतात, शंभर रुपये देऊन.

मग आम्ही एक करून पाहिलं. मंडळाच्या बायकांना त्यानं माझ्यासमोर खरं सांगितलं. "हा आंबा पन्नासेक वर्षांचा असेल. हीराबाईचा नाही. पण या बागेत तेव्हाही आंबे होते असं पुस्तक म्हणतं, आणि माघात हा मोहरला की वास पार त्या भिंतीपर्यंत जातो." मला वाटलं छान बोलला. अकरा बायका होत्या. त्यातल्या एकीनं, आमच्या मंदिरजीच्या मागच्याच गल्लीत राहतात त्या, पदर सावरत विचारलं, "मग यात बघायचं काय?" दोघी-तिघी झाडाखाली बसल्या, कारण ऊन होतं. एकीनं कोरलेल्या नावांवरून बोट फिरवलं आणि म्हणाली, अगं, याला दुखलं असेल. बाकीच्या फोटो न काढता पुढे गेल्या. अकरात एक. मुलानं माझ्याकडे बघितलं, काही बोलला नाही. पोटाचा प्रश्न त्याचा आहे, माझा नाही, हेही मला कळत होतं.

हे सगळं पुस्तकी राहिलं असतं, पण आमच्याच बांधावर एक चिंच आहे. सासऱ्यांच्या आधीची, दोघांच्या कवेत न मावणारी. तिच्या सावलीत केळीच्या दोन ओळी नीट येत नाहीत. घड भरत नाही, खोड बारीक राहतं. धाकटे दीर शेती बघतात. गेल्या कांदेबागेच्या लागवडीआधी ते म्हणाले, वहिनी, ही चिंच काढायला हवी. ते काही दुष्ट नाहीत. चातुर्मासात रात्री पाणीसुद्धा पीत नाहीत. त्यांनी मला शास्त्रच ऐकवलं: संकल्पी हिंसा श्रावकाला नाही, पण उद्योगी हिंसेतून गृहस्थाची सुटका नाही, नांगर धरला की जीव जाणारच. आणि हे खरं आहे. ज्या घरात केळीच्या पैशावर मुलं शिकली त्या घरात बसून मी त्यांना काय सांगू?

त्या रात्री मला गोष्ट सुचली होती, लपवून काय करू. एका मुनी महाराजांचा विहार या बाजूनं झाला होता, माझ्या लग्नाच्या आधी, हे खरं आहे. ते त्या चिंचेखाली थांबले होते असं मी सहज म्हणाले असते तर दिरांनी दुसऱ्या दिवशी तिथे ओटा बांधला असता. कुणी विचारलं नसतं. माझ्या शब्दावर घरात विश्वास आहे.

मी तसं म्हटलं नाही. त्या मुलाला जे सांगितलं ते स्वतःला लागू नसेल तर त्या अकरा बायकांसमोर त्याला उघडा पाडायचा मला काय अधिकार होता? मी दिरांना एवढंच म्हणाले की दोन ओळींचं वर्षाला किती जातं ते काढा. त्यांनी काढलं. रक्कम लहान नव्हती, पण प्राण जाईल इतकीही नव्हती. मी म्हटलं, तेवढे माझ्या हिश्श्यातून धरा. चिंचेला कुणी महाराज बसलेले नाहीत, तिची चिंच आपण कुणी खातही नाही फारशी, सासूबाई गेल्यापासून. ती तशीच आहे, म्हणून राहू दे. दीर हसले. म्हणाले, बघू.

हे म्हणायला सोपं गेलं, कारण माझा हिस्सा आहे. त्या मुलाजवळ आंब्यासाठी टाकायला हिस्सा नव्हता, त्याच्याजवळ फक्त गोष्ट होती. हा फरक मी विसरत नाही. आणि म्हणून त्याला खोटारडा म्हणायला माझी जीभ अजून वळत नाही, जरी त्यानं ती गोष्ट बंद करावी असं मला वाटतं. तो सध्या थोडी बदलून सांगतो. "असाच एक आंबा," असं म्हणतो. एका शब्दाचा फरक, आणि ऐकणारे तो ऐकत नाहीत, झाडाला हात लावायला पुढे जातातच.

चिंच अजून उभी आहे. परवा कळलं की मजूर तिच्याजवळ कुऱ्हाड न्यायलाच तयार नाहीत. धाकट्या जावेनं त्यांना सांगून ठेवलंय की चिंचेवर मुंजा आहे. मी तिला विचारलं, अगं, हे काय? ती कणिक मळता मळता म्हणाली, "ताई, तुमचं पैशाचं गणित यांना पटलं असतं कधी तरी. पण उद्या यांचा विचार बदलला तर?"

मजुरांनी मला अजून काही विचारलेलं नाही.